खळ्यातलं काम

आज सकाळी सातला गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात घेतली. जमीन सारवलेली, म्हणून जॅकखाली जाड फळी आणि दोन्ही बाजूंना स्टँड. २००७ची गाडी, पुढचे दोन्ही स्ट्रट, म्हणजे चाकांजवळचे धक्के झेलणारे दांडे, आणि त्यांच्यावरच्या स्प्रिंगा बदलायच्या होत्या.

आमचं घर मालवणात, समुद्राजवळ. खारा वारा लोखंड खातो म्हणजे काय ते आज हातांना कळलं. खालचे बोल्ट काल रात्रीपासून गंज सोडवायच्या तेलात भिजवले होते, तरी डावीकडचा एक बोल्ट दीड तास हलला नाही. शेवटी पान्याला लांब पाइप लावला तेव्हा सुटला.

स्प्रिंग दाबताना मात्र भीती वाटली, आणि ती वाटायलाच हवी. समोरासमोर स्प्रिंग दाबायचे दोन कॉम्प्रेसर लावून थोडं इकडे, थोडं तिकडे असं आवळायचं. स्प्रिंग बैठकीवरून मोकळी झाली की मगच वरचा मधला नट सोडायचा. आधी सोडला तर ती उसळून जीव घेऊ शकते. बाबा बाजूला उभे राहून सारखे सांगत होते, "झिला, घाय करू नको."

उजवीकडच्या स्प्रिंगचं खालचं टोक तुटलेलं निघालं. खड्ड्यात येणारा खट्ट आवाज तिचाच! वरचं बेअरिंग आणि रबरी माउंटही नवे घातले. उद्या कुडाळला जाऊन चाकांची अलाइनमेंट करायची, म्हणजे ती सरळ रेषेत लावून घ्यायची.

संध्याकाळी बाबांना घेऊन चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत हळूहळू गेलो. वर्षभर ते पाठीला उशी लावून बसायचे. आज उशी घरीच राहिली, आणि परत येईपर्यंत त्यांना आठवलीही नाही.