काउन्सिलचं घर: स्विंडनचा अनुभव आणि गोव्याचा झोनबदल

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात स्थायिक झालेल्या गोंयकाराला गावाकडून फोनवर हमखास विचारलं जातं, "काउन्सिलचं घर मिळालं का रे?" काउन्सिल म्हणजे तिथली नगरपालिका. गोव्यात डिचोली-पेडण्यापासून सासष्टीपर्यंत एक समजूत पक्की आहे, की पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला पोचलं, गोदामात नोकरी लागली, की वर्षा-दोन वर्षांत सरकार स्वस्तात घर देतं. तसं होत नाही. ते का होत नाही हे नीट समजून घेतलं, तर गोव्यात निवडणुकीआधी जाहीर होणाऱ्या 'परवडणाऱ्या घरां'कडे बघण्याची नजरही बदलते.

आधी 'परवडणारं' या शब्दाकडे बघू. काउन्सिलच्या संकेतस्थळावर एकाच आठवड्यात दोन बेडरूमची दोन घरं लागलेली असतात. मोहल्ला एक, बसथांबा एक. पण एकासमोर 'सोशल रेंट' लिहिलेलं असतं, दुसऱ्यासमोर 'अफोर्डेबल रेंट', आणि दोघांच्या भाड्यात महिन्याला शंभर-दोनशे पौंडांचा फरक असू शकतो. सोशल रेंट हे सूत्राने ठरतं. त्यात ७० टक्के वजन त्या भागातल्या लोकांच्या कमाईला आणि ३० टक्के घराच्या जानेवारी १९९९ मधल्या किमतीला असतं, शिवाय बेडरूमच्या संख्येचा हिशेब. अफोर्डेबल रेंट २०११ मध्ये आलं, आणि ते बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत लावता येतं. म्हणजे बाहेर १,२०० पौंड भाडं चालत असेल तर 'परवडणारं' भाडं ९६० पौंड. बाहेरचं १,५०० झालं की पुढच्या नव्या भाडेकरूला तेच घर १,२०० ला. पहिल्या भाड्याची नाळ पगाराशी जोडलेली आहे, दुसऱ्याची बाजाराशी. सरकारी आकडेवारीत मात्र दोन्ही 'अफोर्डेबल' याच रकान्यात मोजली जातात. गोव्यात कुठलाही मंत्री हा शब्द वापरेल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: दर कशावरून ठरवला, पगारावरून की बाजारावरून?

इंग्लंडकडे अशी घरं कमी होती असं नाही. १९१९ च्या ॲडिसन कायद्याने काउन्सिलांना सरकारी पैशातून घरं बांधायला लावलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी बाहेर हलवण्यासाठी जी गावं वाढवली, त्यांत स्विंडन होतं. पेनहिल, वॉलकॉट या वसाहती तेव्हाच्या. मग १९८० चा हाउसिंग ॲक्ट आला आणि भाडेकरूला राहतं घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. ज्यांनी घर घेतलं त्यांचं भलं झालं, त्यात शंका नाही. पण तेव्हापासून इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरं सार्वजनिक मालकीतून गेली. विक्रीच्या पैशाचा मोठा भाग काउन्सिलांना कर्जफेडीसाठी बाजूला ठेवावा लागे, त्यामुळे विकलेल्या घराच्या जागी नवं क्वचितच उभं राहिलं. पाच वर्षांच्या आत घर विकलं तर सवलतीचा काही भाग परत करावा लागतो: पहिल्या वर्षी पूर्ण, मग ८०, ६०, ४०, २० टक्के. सहाव्या वर्षापासून सवलत परत करावी लागत नाही. आज त्यातली कितीतरी घरं खासगी मालकांकडे आहेत आणि तीच घरं, त्याच गरजू कुटुंबांना, दुप्पट भाड्याने दिली जातात. त्या भाड्याचा काही भाग सरकार भत्त्यातून भरतं. स्कॉटलंडने ही विक्री २०१६ मध्ये बंद केली, वेल्सने २०१९ मध्ये. इंग्लंडने नोव्हेंबर २०२४ मध्ये सवलतच उतरवून प्रदेशानुसार १६,००० ते ३८,००० पौंडांवर आणली.

आता अर्जाविषयी, कारण नातेवाईक इथे इंग्लंडमध्ये असतील तर याचा उपयोग आहे.

पासपोर्टच्या रंगाला काउन्सिल विचारत नाही, 'स्टेटस' विचारतं. ३१ डिसेंबर २०२० च्या आधी इथे राहत असलेल्या पोर्तुगीज पासपोर्टधारकांना सेटल्ड (कायम राहण्याचं) किंवा प्री-सेटल्ड (तात्पुरतं) स्टेटस मिळालं. सेटल्ड असेल तर काउन्सिलच्या यादीसाठी पात्रता मिळते. प्री-सेटल्ड तेवढ्याने पुरत नाही. तुम्ही नोकरी करता, स्वतःचा व्यवसाय करता किंवा तशा माणसाच्या कुटुंबातले आहात, हे दाखवावं लागतं. नोकरी गेली असेल तर ती कंपनीने काढली म्हणून गेली याचं पत्र जपावं आणि लगेच जॉबसेंटरमध्ये नोंद करावी. स्वतःहून राजीनामा दिला की तो हक्क टिकवणं अवघड होतं. भारतीय पासपोर्टवर वर्क व्हिसा घेऊन आलेल्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असते आणि काउन्सिलचं घर त्यातच मोडतं. त्यांनी अर्ज करूच नये, व्हिसालाच धक्का लागतो.

पात्र असल्यावरही बहुतेक काउन्सिलं त्या शहराशी नातं मागतात, म्हणजे काही वर्षांचं सलग वास्तव्य किंवा तिथली नोकरी. कागद साधारण हे: शेअर कोड (स्टेटस ऑनलाइन दाखवणारा क्रमांक), गेल्या पाच वर्षांचे सगळे पत्ते, भाडेकरार, पेस्लिप, बँकेची स्टेटमेंट, मुलांचे जन्मदाखले.

फॉर्ममधल्या एका प्रश्नापाशी गोंयकाराने थांबावं. 'या देशात किंवा परदेशात तुमच्या मालकीची किंवा वाट्याची मालमत्ता आहे का?' पुष्कळजण 'नाही' लिहून मोकळे होतात, कारण गावचं घर वडिलांच्या नावावर, आपल्या नावावर काहीच नाही असं त्यांना वाटतं. पण गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते आणि आईवडिलांच्या पश्चात वारसाचा वाटा डावलता येत नाही. वडील वारले असतील आणि इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) झाली नसेल, तरी वाटा आहेच. बायकोच्या माहेरच्या भाटातही (बागायतीतही) तिच्यामार्फत नवऱ्याचा हक्क निघू शकतो. ही माहिती लपवणं हा हाउसिंग ॲक्ट १९९६ खाली गुन्हा आहे. उत्तर 'हो' असावं आणि सोबत एक पान जोडावं: घर अविभक्त आहे, त्यात कोण राहतं, आपला वाटा किती, तो विकता का येत नाही. एवढ्यावरून काउन्सिल अर्ज सरसकट फेटाळेलच असं नाही. लपवलेलं नंतर सापडलं तर मात्र मिळालेलं घरही जातं.

अर्ज मंजूर झाला की 'बँड', म्हणजे गरजेनुसार प्राधान्याचा गट, मिळतो. तो पैसे चारून किंवा ओळखीने मिळत नाही. बेघर, दाटीवाटीने किंवा आरोग्याला घातक जागेत राहणारे, आजारी-अपंग आणि हलाखी टाळण्यासाठी ठरावीक भागात राहायला जाणं आवश्यक असलेले यांना कायद्याने प्राधान्य आहे. एकाच बँडमध्ये आधीची तारीख पुढे. त्यानंतर 'बिडिंग'. शब्द लिलावाचा असला तरी त्यात बोली लावायची नसते. लागलेल्या घरासमोर फक्त आपली पसंती नोंदवायची. संगणक बँड आणि तारीख बघून यादी लावतो. इथे अर्ज का अडकतात याची कारणं ठरलेली आहेत. वर्षाने येणारं नूतनीकरणाचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि नाव यादीतून उडतं. बाळ झालं, पत्ता बदलला, हे कळवलं जात नाही. दोन बेडरूमची गरज मंजूर असताना लोक तीनवर बिड करत राहतात, आणि वरचा नंबर असूनही वगळले जातात. बँड लवकर वर जावा म्हणून गावाहून आलेल्या भावाला, मेव्हण्याला त्याच घरात ठेवून दाटी वाढवली, तर 'परिस्थिती मुद्दाम बिघडवली' म्हणून बँड खाली येतो. घरमालकाची नोटीस आली की घाबरून किल्ल्या परत देणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. नोटीस हातात पडल्याच्या दिवशी काउन्सिलला कळवावं. ५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता असेल तर मदत करणं त्यांचं कर्तव्य आहे. स्वतःहून बाहेर पडलात तर 'जाणूनबुजून बेघर' असा शेरा बसतो आणि मग लहान मुलं असूनही कायमची सोय होत नाही.

घर मिळालं तरी ते 'मुख्य घर' राहिलं पाहिजे. चवथीला गावी जाऊन यावं, पण युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मिळत असेल तर देशाबाहेर सहसा एकच महिना चालतो. जवळचं माणूस गेल्यास आणखी एक महिना मिळू शकतो. सहा महिने गावी राहून इथे दुसऱ्या कुटुंबाला भाड्याने ठेवणं, मग ते आपल्याच वाड्यावरचं का असेना, २०१३ पासून फौजदारी गुन्हा आहे. घरातली बेडरूम गरजेपेक्षा एक जास्त असेल तर भाड्यासाठीच्या मदतीतून भाड्याच्या १४ टक्के रक्कम कापली जाते, दोन किंवा अधिक जास्त असतील तर २५ टक्के. मोठी मुलगी लग्न होऊन गेली की हा हिशेब बदलतो, हे अनेकांच्या ध्यानात पत्र आल्यावर येतं.

बहुतेक नवे लोक मात्र खासगी खोलीत राहतात, तेव्हा तिथले आकडे पाठच असावेत. दोन किंवा अधिक कुटुंबांतले मिळून पाच किंवा अधिक माणसं एका घरात स्वयंपाकघर-संडास वाटून राहत असतील, तर मालकाकडे परवाना हवा. परवान्याच्या घरात एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. टेप घेऊन मोजावी: अडीच मीटर गुणिले अडीच मीटरची खोली ६.२५ भरते, म्हणजे एका माणसालाही कमी. छताची उंची दीड मीटरपेक्षा कमी असलेला, जिन्याखालचा किंवा उतरत्या छपराखालचा भाग धरायचा नाही. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करून त्याची कागदं तुम्हाला द्यावी लागतात. रोख घेऊन पावती न देणारा आपला गाववाला असला तरी त्याला हा नियम लागू आहे.

बुरशीबद्दल थोडक्यात. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीने दगावलं, आणि त्याच्या नावाचा 'आवाब्ज लॉ' ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांना, म्हणजे काउन्सिलच्या आणि हाउसिंग असोसिएशन या ना-नफा गृहसंस्थांच्या भाड्याच्या घरांना, लागू झाला. तातडीचा धोका २४ तासांत, गंभीर ओल-बुरशीची तपासणी १० कामाच्या दिवसांत. तक्रार लेखी करावी, फोटोवर तारीख असावी.

आता गोव्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. इंग्लंडमध्ये नवी सामाजिक घरं येतात कुठून? मोठा वाटा तिथल्या नगरनियोजन कायदा १९९० च्या कलम १०६ मधून येतो. शेतजमिनीला बांधकामाची परवानगी मिळाली की तिची किंमत कित्येक पटींनी वाढते. ही वाढ जमीनमालकाच्या घामाने होत नाही, काउन्सिलच्या सहीने होते. म्हणून दहा किंवा अधिक घरांच्या प्रकल्पात काउन्सिल आपल्या आराखड्याप्रमाणे काही टक्के घरं सामाजिक वापरासाठी मागू शकतं. ती बिल्डर कमी किमतीत हाउसिंग असोसिएशनला विकतो.

ही व्यवस्था कुठे फुटते तेही सांगायला हवं. बिल्डर 'व्हायबिलिटी'चा, म्हणजे प्रकल्प परवडतो का याचा, अहवाल आणतो. त्याचा हिशेब असा: सगळी घरं विकून येणारे पैसे, वजा बांधकाम, वजा १५ ते २० टक्के नफा, वजा जमिनीची किंमत; उरलं तर सामाजिक घरं. मग जमीनच चढ्या भावाने घ्यायची आणि शेवटी काहीच उरत नाही असं दाखवायचं, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. १०० पैकी ३० घरं ठरलेली असताना हातात दहा पडायची. २०१८ मध्ये सरकारने मार्गदर्शन बदललं: जमिनीसाठी प्रत्यक्ष दिलेली किंमत हे कारण चालणार नाही, जमिनीचा आधीच्या वापराचा दर अधिक वाजवी बक्षिसी एवढंच धरायचं. अलीकडे दुसरीच अडचण आली आहे. व्याजदर आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा खर्च वाढल्याने असोसिएशनांकडे पैसा नाही, आणि तयार झालेल्या घरांना घेणारा मिळत नाही.

तरीही मूळ तत्त्व गोव्याने उचलण्यासारखं आहे. जमिनीचा झोन, म्हणजे शेती-वस्ती असा ठरवून दिलेला वापर, बदलू देणाऱ्या गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ या कलमांवरून गावोगावच्या ग्रामसभा तापल्या, आणि १७(२) चे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. त्या सगळ्या वादात भातशेती, डोंगर आणि पाणी यांच्यावर योग्य बोट ठेवलं गेलं. पण झोन बदलल्यावर जमिनीची जी किंमत एका रात्रीत वाढते, तिचा वाटा गावातल्या ज्या पोरांना आज स्वतःच्या वाड्यावर दोन खोल्या घेणं जमत नाही, त्यांच्यासाठी घरांच्या रूपात का घेऊ नये, हा प्रश्न मागेच राहिला. चौरस मीटरमागे फी भरली की विषय संपतो. उलट मुंडकार कायदा १९७५ मध्ये आपण याहून धाडसी गोष्ट केली होती: भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. तेव्हा हे गोव्याला झेपणारं नाही असं म्हणता येत नाही.

इंग्लंडमधल्या कलम १०६ च्या करारातल्या दोन अटी गोव्यात जशीच्या तशी वापरता येतील. पहिली म्हणजे कलम १०६ ची अट माणसावर नाही, जमिनीवर नोंदली जाते. जमीन तीनदा विकली तरी अट सोबत जाते. आपल्या एक-चौदाच्या (जमीन नोंदीच्या) उताऱ्यात 'इतर हक्कां'चा रकाना आहेच. जमीन बिगरशेती करण्याची सनद देण्याआधी तिथे ही नोंद पडली पाहिजे. दुसरी म्हणजे 'ट्रिगर'. करारात लिहिलेलं असतं की बाजारभावाची ठरावीक संख्येची घरं विकण्याआधी सामाजिक घरं पूर्ण करून ताब्यात दिली पाहिजेत; तोपर्यंत पुढच्या घरात कुणाला राहायला जाता येत नाही. गोव्यात हीच अट ऑक्युपन्सी सर्टिफिकेटला, म्हणजे घरात राहायला जाण्याच्या दाखल्याला, बांधता येईल, आणि गावात ते सर्टिफिकेट पंचायत देते.