पुष्पक घरी आलं : जक्कूर ते जळगाव

मागच्या नोंदीत एका जुन्या पुष्पक विमानाचा सौदा ठरत आलाय एवढंच लिहिलं होतं. तो ठरला, कागद झाले, आणि गेल्या रविवारी सकाळी पुष्पक जळगावच्या धावपट्टीवर उतरलं. तपासणी आणि कागदांना आठ महिने लागले, उड्डाणाला चार दिवस. ज्यांच्या मनात असं जुनं विमान घ्यायचं आहे, त्यांनी आधी त्या आठ महिन्यांबद्दल वाचावं.

नव्या मंडळींसाठी दोन ओळी. पुष्पक हे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं दोन आसनी विमान. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या हाताखाली त्याचा आराखडा झाला, १९५८ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, आणि पुढे दीडशेहून जास्त पुष्पक देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. वळण अमेरिकेतल्या एरोन्का चीफचं : पंख डोक्यावर, शेपटीखाली छोटं चाक, लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. इंजिन काँटिनेंटल सी-९०, चार सिलिंडर, ९० अश्वशक्ती. माझं १९६४ चं आहे.

विमान बंगळूरच्या जक्कूर विमानतळावर एका हँगरच्या कोपऱ्यात तीन वर्षं उभं होतं. मालक भले गृहस्थ, लॉगबुकं कपड्यात गुंडाळून ठेवलेली. पण आमच्या इंजिनिअर साहेबांनी विमानाकडे न बघता आधी लॉगबुकंच मागितली आणि दिवसभर तीच वाचत बसले. मला हात लावून बघायची घाई होती. संध्याकाळी त्यांनी एका पानावर बोट ठेवलं : एका दुरुस्तीनंतर चौदा महिने एकही नोंद नाही, आणि त्यानंतरची पहिली नोंद डाव्या पंखाच्या नव्या कापडाची. कापड का बदललं, ते कुठेच नव्हतं.

म्हणून डावा पंख. पुष्पकच्या पंखात स्पार, म्हणजे पंखाचा कणा, लाकडी असतो, आणि लाकडाचा शत्रू पाणी. कापडावरचा रंग चकचकीत होता, कापडाची ताकद बघायच्या चाचणीतही ते पास झालं. पण पंखाच्या मुळाशी तपासणीच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला तर स्पारवर काळपट ओघळ दिसला. आता दोनच वाटा. ओघळ वरवरचा आहे असं मानून पैसे मोजायचे, नाहीतर मालकाला सांगायचं की कापड कापून बघू द्या. मालक तयार झाले, त्याबद्दल त्यांचे उपकार विसरणार नाही. कापड उघडलं. आत पाणी निघून जायची भोकं जुन्या डोपने, म्हणजे कापडावर चढवायच्या लेपाने, बुजलेली होती, पावसाळ्यात पाणी तिथे साचत होतं. लाकूड मात्र टणक निघालं. साहेबांनी वीतभर अंतरावर टोकदार अवजाराने टोचून टोचून बघितलं, कुठेही मऊ लागलं नाही. भोकं मोकळी केली, लाकडाला वॉर्निश दिलं, कापडाचा तुकडा शिवून वर डोप चढवलं. दीड महिना गेला. तो स्पार मऊ निघाला असता तर मी विमान तिथेच सोडून जळगावची रेल्वे धरली असती, आणि तेच बरोबर ठरलं असतं.

इंजिनाचं थोडक्यात : चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन चाचणी केली. तीन उत्तम. चौथ्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून हवा सुटताना ऐकू येत होती, तो व्हॉल्व्ह लॅप करून, म्हणजे घासून नीट बसवून, घेतला. मग नोंदणी माझ्या नावावर, वजनाचा नवा तक्ता, रेडिओचा परवाना, आणि विमान उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे एआरसी. हे सगळं सावकाश होतं आणि त्यावर उपाय नाही.

आता प्रवास. सोबत सर होते. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर मला ज्यांनी उडवायला शिकवलं तेच. वय ६८, आणि टेलव्हीलवरचे, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानांवरचे, त्यांचे तास माझ्या एकूण तासांच्या कितीतरी पट. आम्हा दोघांचं वजन, टाकीभर एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) आणि दहा किलोची पिशवी, एवढ्यात हिशेब संपतो. पिशवीत इंजिन ऑइलचे दोन डबे, प्लगचा पाना, जमिनीला विमान बांधायचे दोर आणि एकेक जोडी कपडे.

माझ्या पुष्पकला स्टार्टर नाही. पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने फिरवावा लागतो. चाकांना लाकडी ठोकळे, शेपटी दोराने बांधलेली, आत बसलेल्याचे पाय ब्रेकवर. "स्विच ऑफ." "स्विच ऑफ." चार वेळा पंखा फिरवून सिलिंडरांत पेट्रोल ओढून घ्यायचं. मग "काँटॅक्ट", आणि पातं खाली ओढता ओढताच अंग मागे. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोतला कट्ट आवाज आला की इंजिन धरतं. सरांनी मला हे जक्कूरला बंद इंजिनावर पन्नास वेळा करायला लावलं. एकट्याने, आत माहीतगार माणूस नसताना, हे कुणीही करू नये.

पहिला टप्पा तोरणगल्लूजवळच्या विद्यानगरपर्यंत, १३८ नॉटिकल मैल. फ्लाइट प्लॅन, आणि उड्डाणाच्या मंजुरीचे एडीसी (हवाई संरक्षण) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर घेऊन सकाळी साडेसातला निघालो. जानेवारीत दख्खनवर वारा ईशान्येचा असतो, आणि आम्हाला जायचं उत्तरेला. म्हणजे घरापर्यंत वारा तोंडावरच. हवेतला वेग ७२ नॉट (ताशी नॉटिकल मैल), जमिनीवरचा ६५-६६. दोन तास पाच मिनिटं लागली. दिवसभर पुढे जायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण दुपारी तापलेल्या खडकाळ माळांवर हलकं विमान फार आपटतं.

दुसरा टप्पा सगळ्यांत अवघड, सोलापूरपर्यंत १५३ मैल. टाकीत जेमतेम तीन तासांचं इंधन. इंजिन ताशी वीस-बावीस लिटर पितं. रात्री सरांनी नकाशावर नारायणपूरच्या धरणाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि म्हणाले, "इथे एक तास दहा मिनिटांच्या आत पोचलो तर पुढे. नाही पोचलो तर परत. वर गेल्यावर या विषयावर बोलायचं नाही."

साडेचार हजार फुटांवर गार हवा आणि खाली धुरकट. विद्यानगर सोडल्यावर थोड्या वेळाने तुंगभद्रेचा कालव्यांचा हिरवा पट्टा मागे पडला आणि मग नुसती तपकिरी जमीन. कंपास, घड्याळ आणि गुडघ्यावरचा नकाशा. जीपीएस होतं, पण ते पिशवीत ठेवायचं असं मीच मागून घेतलं होतं. पन्नासाव्या मिनिटाला क्षितिजावर पांढरट रेघ दिसली. ती धुक्याची आहे की पाण्याची, ते कळेना. छपन्नाव्या मिनिटाला तिला काठ आले. कृष्णा! त्रेसष्टाव्या मिनिटाला धरणाची भिंत पंखाखाली. सरांनी घड्याळावर टिचकी मारली आणि पुढे बोट दाखवलं. सोलापूरला उतरून टाकीत काठी बुडवली तेव्हा अर्ध्या तासाहून थोडं जास्त इंधन उरलं होतं. एवढंच उरणार असं कागदावर होतं, तेवढंच उरलं. या विमानाने मला दिलेला सगळ्यांत मोठा आनंद तो आहे.

सोलापूरला दुसऱ्या सकाळी अडकलो. मॅग्नेटो तपासताना डाव्या मॅग्नेटोवर आरपीएम धडधडत दोनशेने उतरले. सी-९० बनलं ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. आज मिळतं ते १००एलएल, आणि नावात लो लेड असलं तरी त्यात शिसं या इंजिनाला सोसेल त्यापेक्षा जास्त. ते प्लगच्या तोंडाशी बारीक मण्यांसारखं साचतं, खालच्या प्लगांत जास्तच. खालचे चारही प्लग काढले, दोघांत मणी सापडले, सुईने काढले, परत बसवले. उतार साठवर आला. तुमच्यापैकी कुणी जुनं काँटिनेंटल चालवत असेल तर टॅक्सी करताना आरपीएम फार खाली ठेवू नका, आणि प्लगचा पाना घरी विसरू नका. एव्हगॅसही आम्ही पिंपांत भरून रस्त्याने पुढे पाठवलं होतं. माझा मावसभाऊ चार दिवस पिकअप घेऊन खालून आमच्या मागे होता. त्याच्याशिवाय हा प्रवास झालाच नसता.

बार्शी, बीड, पैठणला नाथसागराचं पाणी, छत्रपती संभाजीनगर. हा टप्पा सुरळीत गेला, लिहिण्यासारखं काही नाही.

शेवटचा टप्पा ६७ मैलांचा. फुलंब्री, सिल्लोड, आणि मग अजिंठ्याचा डोंगर. सरांनी आधीच समजावलं होतं : वारा ईशान्येचा, म्हणजे तो खानदेशातून येऊन कड्याला थडकतो, वर चढतो आणि पठाराच्या बाजूला खाली कोसळतो. आपण त्या कोसळणाऱ्या बाजूने येणार. म्हणून साडेपाच हजार फूट. कड्याच्या अलीकडे तीनेक मैलांवर विमान खरंच बसायला लागलं. पूर्ण थ्रॉटलवरही उंची दोनशे फुटांनी घटली, दप्तर उघडल्यासारखे नकाशे मांडीवर उधळले. मग कडा मागे गेला आणि कुणीतरी तळहातावर उचलून धरावं तसं विमान वर गेलं. मी थ्रॉटल कमी केला तरी वर जातच राहिलं.

समोर सगळा मुलूख उघडला. घाटाखाली वाघूर नदी, पहूरची काळी रानं, उभ्या पऱ्हाट्या, मधूनमधून गव्हाचे कोवळे तुकडे. उत्तरेला तापीच्या काठाने केळीच्या बागांचा गडद पट्टा, आणि त्याच्यापलीकडे निळी सातपुड्याची रेघ. या मुलखात मी पंचेचाळीस वर्षं राहिलो, एसटीने फिरलो, त्याचा आकार असा आहे हे त्या दिवशी बघितलं. डोळे भरून आले. सर शांतपणे म्हणाले, "कंट्रोल्स माझ्याकडे," आणि दोन मिनिटांनी परत दिले.

वाघूर धरणावरून जळगावला रेडिओ लावला. धावपट्टी ०९, वारा डावीकडून. डावा पंख किंचित खाली, उजवा पाय दाबलेला, तीनही चाकं जवळजवळ एकदम टेकली. टेलव्हील थरथरलं, ते पुढच्या कामांच्या यादीत आहे.

अमळनेरहून आबा आले होते. विमानतळाच्या बाहेर भेटले तेव्हा आधी माझ्याकडे, मग आकाशाकडे बघून म्हणाले, "इमान लई उना का रे भो?" (विमान घेऊन आलास का रे भाऊ?) त्या रात्री भाच्यांनी शेतात भरीत केलं, बामणोदची वांगी आणि कळण्याची भाकर. सरांनी तीन वेळा मागून घेतलं.

पुढची कामं : टेलव्हीलचं बुशिंग, तेलाची बदली, उजव्या पंखातलीही पाण्याची भोकं उघडून बघणं, आणि पंख्याला कापडी खोळ. सी-९० चा चांगल्या अवस्थेतला जादा सिलिंडर कुणाकडे असेल तर कळवा, किंमत रास्त देईन.

आबांचं वजन ७४ किलो. काल रात्री तक्ता काढून अर्ध्या टाकीचा हिशेब मांडला. बसतंय.