सहा मीटर, दहा सेंटिमीटर

फेब्रुवारीत नाशिकच्या गंगापूर रोडवरून एका काकांचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नव्या बंगल्यात पाच स्पीकर आणि सबवूफरचं काम मी केलं होतं. सगळ्या वायरी भिंतीच्या आत, बाहेर एक दोरा दिसत नाही असं. काका म्हणाले, "अहो, अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आवाज जरा वाढवला की टक् करून बंद. दुरुस्तीला दोनदा नेऊन आणला. ते म्हणतात मशीन ठणठणीत आहे."

मशीन ठणठणीतच असणार. त्यांच्या टेबलावर माझी भिंतीतली वायर कुठे होती?

गेलो. अ‍ॅम्पच्या मागचे सगळे स्पीकर सोडवले आणि एकेक जोडी ओम (विजेचा रोध) मोजणाऱ्या मीटरवर धरली. आठ ओमचा स्पीकर मीटरवर साधारण सहाच्या आसपास दाखवतो. चार जोड्या तशाच निघाल्या. मागच्या डाव्या स्पीकरची जोडी मात्र ०.३. मागे जाऊन स्पीकर काढून ठेवला, तरी ०.३. म्हणजे भिंतीत कुठेतरी लाल आणि काळी एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि शॉर्ट दिसला की अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला रिले, म्हणजे आतला स्विच, सोडत होता.

"कुणी ड्रिल मारलंय का? पडद्याचा रॉड, एसी, काही?"

"छे हो. घरात ड्रिलवाला फिरकलेलासुद्धा नाही."

"कधीपासून होतंय?"

"नवीन वर्ष लागल्यापासून म्हणा ना."

हे वाक्य मी ऐकून सोडून दिलं. तिथेच थांबलो असतो तर दोन तास वाचले असते.

शॉर्ट कुठे आहे ते ओम रेंजवर कळत नाही. त्या ०.३ मधले ०.२ तर माझ्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचेच होते. उरलेल्या ०.१ मध्ये भिंत कुठे फोडायची हे कसं ठरवणार? मग मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात तसला डीसी सप्लाय गाडीतून काढला. त्याच वायरचा दहा मीटरचा तुकडा गाडीत होता. त्याच्या एका टोकाच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून त्यातून बरोबर एक अँपिअर सोडला, तर मीटरवर १६० मिलिव्होल्ट आले. म्हणजे जाऊन-येऊन धरून दर एक मीटर लांबीला १६. आता तोच एक अँपिअर भिंतीतल्या जोडीत, अ‍ॅम्पच्या बाजूने. इकडे ११२ मिलिव्होल्ट. लगेच मागच्या टोकाला जाऊन मोजलं, तर १४. शॉर्टच्या पलीकडे करंट जात नाही, त्यामुळे हे १४ म्हणजे खुद्द त्या चिकटलेल्या जागेचे. वजा केले, उरले ९८. सोळाने भागले: सहा मीटर दहा सेंटिमीटर. खात्रीसाठी मागच्या बाजूनेही तेच केलं. १६४ वजा १४, दीडशे, म्हणजे नऊ मीटर आणि थोडंसं. दोन्हींची बेरीज साडेपंधरा. माझ्या वहीत त्या वायरची लांबी साडेपंधराच लिहिलेली होती. खरं सांगतो, छाती जरा फुगली.

टेप घेतली. अर्धा मीटर कॅबिनेटमागे लोंबणारी शेपटी, बॉक्सपासून वर लिंटलपर्यंत (खिडकीवरच्या पट्टीपर्यंत) एक मीटर ऐंशी, तिथून आडवं तीन मीटर ऐंशी. शिडीवर चढून बोट टेकवलं. कोरी भिंत. खिळा नाही, ओल नाही, पुट्टीचा डागसुद्धा नाही. दोन्ही बाजूंनी पुन्हा मोजलं, तेच आकडे. छिन्नी हातात घेतली होती. काकू शिडीखाली उभ्या राहून त्या छिन्नीकडे बघत होत्या आणि रंगाला किती खर्च आला ते मला सांगत होत्या.

चहा आला. खिडकीच्या कोपऱ्याकडे बघत पीत होतो आणि एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी या भिंतीत वायरीचा पाईप गाडला तो रविवार होता, दुकानं बंद. गवंडी प्लास्टरचा माल कालवून बसलेला. पाईपची लांबी तीन मीटरची येते, माझ्याकडे एकच उरली होती. सरळ आडवं जाऊन मग खाली डायनिंगच्या जंक्शन बॉक्सकडे उतरायचं तर ती पुरत नव्हती. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यापासून झिरी तिरकी मारली आणि पाईप गाडून मोकळा झालो. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पाईप उभा नाहीतर आडवा, तिरका कधीच नाही, कारण तिरक्याचा अंदाज दुसऱ्याला येत नाही. दोन वर्षांनी मलाच आला नव्हता. प्लास्टरआधीचे फोटो? बाकी सगळ्या भिंतींचे होते.

कोपऱ्यापर्यंतचे चार मीटर साठ सोडून उरलेले दीड मीटर आता तिरके मोजले. टेपचं टोक कालनिर्णयच्या फेब्रुवारीवर जाऊन टेकलं.

कालनिर्णय उचलून पाहिलं. खाली अडीच इंची पोलादी खिळा.

"तो मी ठोकलाय," सोफ्यावरून आजी म्हणाल्या. "एक तारखेला. स्वयंपाकघरातल्या जुन्या खिळ्यासमोर यांनी नवा फ्रिज आणून ठेवला. मग कालनिर्णय लावायचं कुठे? बत्त्याने ठोकला. आधी जरा अडला, मग गेला बाई आत."

तो अडला तो माझा पाईप होता.

खिळा उपटला, तरी मीटर ०.३ वरून हलेना. तारा आत चुरगळून एकमेकींत रुतल्या होत्या. पण पाईपमधून वायर घालण्याचा फायदा तो हाच. जुन्या वायरच्या टोकाला नवी बांधली, सांधा टेपने निमुळता केला, वर फ्रेंच चॉक, म्हणजे घसरायला मदत करणारी पावडर, चोळला. काका इकडून सोडतायत, मी तिकडून ओढतोय. खिळ्याच्या भोकापाशी दोनदा अडकली, कारण पाईपची फाटलेली कड आत वळली होती. शेवटी तिथे तळहाताएवढं प्लास्टर काढावंच लागलं. काकू आत निघून गेल्या. तिसऱ्या खेपेला वायर सरसरत आली.

जोडण्याआधी दीड व्होल्टचा सेल टेकवून पाहिला. स्पीकरचा कोन, म्हणजे समोरचा पडदा, बाहेर उचलला गेला, म्हणजे प्लस-मायनस बरोबर. मग काकांनी आवाज बारीक, मध्यम आणि शेवटी शेजारी ऐकतील एवढा केला. टक् नाही.

भिंतीवर मास्किंग टेपने पाईपची तिरकी वाट दाखवून फोटो काढला आणि काकांच्या मोबाईलवर पाठवला. कालनिर्णयसाठी दोन फूट डावीकडे मीच नवा हूक बसवून दिला. पैसे वायरचे आणि पुट्टीचे घेतले. मजुरीचं काका विचारत होते, मी विषय बदलला.

निघताना आजींनी हात पुढे केला.

"तो खिळा दे इकडे. पोलादी आहे, वाकला नाही."

"आता कुठे ठोकणार, आजी?"

"ते तुला कशाला?"

काकांनी तेवढ्यात मोबाईल काढून तो फोटो पुन्हा उघडला.