‘ली’ लावणाऱ्या उत्तरतालिकेवरची माझी हरकत

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी व्याकरणात काळ आणि प्रयोग मी फारसा त्रास न होता पार केले. अडले ती क्रियाविशेषणांपाशी, आणि तेही आमच्या शिकवणीच्या छापील टिपणांमुळे. विशेषणाला ‘ली’ जोडले की क्रियाविशेषण तयार होते, एवढ्या एका ओळीत त्यांनी सगळा विषय उरकला होता.

सराव परीक्षेत ‘ही वर्क्ड … टू पास द एक्झाम’ या वाक्यातील रिकाम्या जागेसाठी मी ‘हार्ड’ हा पर्याय निवडला, तर उत्तरतालिकेने ‘हार्डली’ बरोबर ठरवून माझा गुण कापला. वास्तविक ‘हार्ड’ हा शब्द रूप न बदलता विशेषणही असतो आणि क्रियाविशेषणही. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच; शिवाय तो मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हटले की त्या बिचाऱ्याने कामाला हातही लावला नाही, असा अर्थ निघतो. मी लेखी हरकत घेतली, त्यावर ‘नियमानुसार उत्तर योग्य आहे’ एवढेच कळवण्यात आले. पुन्हा विचारले, तेव्हा कार्यालयाने सरांकडे पाठवले आणि सरांनी टिपणांतील त्याच ओळीवर बोट ठेवले. अखेर शब्दकोशातील नोंदीची झेरॉक्स अर्जाला जोडली, तेव्हा कुठे प्रश्न रद्द झाला. टिपणांतील ओळ मात्र आजही तशीच छापली जाते.

म्हणून माझे सांगणे असे की, ‘ली’ लावण्यापूर्वी शब्दकोश उघडावा. ‘फास्ट’ तसाच राहतो. ‘लेट’चे ‘लेटली’ केले की ‘उशिरा’ जाऊन ‘अलीकडे’ हा अर्थ येतो. ‘गुड’चे ‘वेल’ होते. ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ यांच्या शेवटी ‘ली’ असूनही ती विशेषणे आहेत, त्यामुळे मैत्रीने बोलणे दाखवायचे तर ‘इन अ फ्रेंडली वे’ असे लिहावे लागते. स्पेलिंगमध्ये ‘हॅपी’तील वायचा आय होतो, ‘ट्रू’मधील ई गळतो, ‘बेसिक’ला ए-एल-एल-वाय लागते, ‘पब्लिक’ला मात्र नुसते एल-वाय पुरते.

एक सांगायचे राहिले. ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’ ही क्रियापदे कर्त्याचा गुण सांगत असतील, तर त्यांच्यापुढे विशेषणच येते: ‘द सूप टेस्ट्स गुड’. ‘ती छान गाते’ आणि ‘सूप छान लागते’ या दोन्ही ठिकाणी आपले ‘छान’ चालून जाते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी इथे विशेष जपावे.