रणगाड्याला चकाकी, तीही ठाण्याच्या पावसाळ्यात

सेंच्युरियन रणगाड्याचं १/३५ स्केलचं प्लास्टिक मॉडेल करायला घेतलं ते ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यासाठी. पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्या रणगाड्यातून लढले, तो. ऑलिव्ह ग्रीन मॅट (बिनचकाकीचा) रंग छान बसला होता. खरी काळजी डिकल्सची, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील अक्षरचित्रांची होती. साधा घरगुती प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, त्यामुळे रणगाड्याचं नाव आणि नंबर बाहेरून छापून घेतले होते, आणि जास्तीचा सेट नव्हता.

मॅट रंग बोटाला गुळगुळीत लागला तरी बारकाईने पाहिलं तर खडबडीतच. डिकलच्या पारदर्शक फिल्मखाली त्या खाचांमध्ये हवा अडकते आणि उजेड पडला की अक्षरांभोवती चंदेरी डाग दिसतो. त्यालाच आम्ही सिल्व्हरिंग म्हणतो. खात्री करायला प्लास्टिकचे दोन चमचे त्याच हिरव्या रंगात रंगवले, एकावर ग्लॉस (चकचकीत पारदर्शक लेप) मारला आणि दोन्हींवर जुन्या किटमधली उरलेली डिकल्स लावली. मॅट चमच्यावरचा आकडा टेबल लॅम्पखाली तिरका धरला तर सेलोटेप चिकटवल्यासारखा दिसत होता. ग्लॉसवरच्या आकड्याची कड शोधावी लागत होती.

आता ग्लॉस मारायचा, पण कधी? जुलै चालू, येऊरवर ढग उतरलेले, कपडे वाळत नाहीत तिथे लॅकर काय वाळणार! थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि क्लिअर, म्हणजे तो पारदर्शक लेप, दुधाळ होतो. म्हणून झटपट वाळणारा स्प्रे कॅन बाद. तामिया कंपनीचा एक्स-२२ हा अ‍ॅक्रिलिक ग्लॉस क्लिअर घेतला आणि त्यात जवळजवळ तेवढाच मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर घातला. हा थिनर सावकाश उडतो, त्यामुळे थर पसरायला वेळ मिळतो. बेडरूममध्ये आधी तासभर एसी ड्राय मोडवर ठेवला. प्रत्यक्ष मारताना मात्र एसी बंद, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, तोंडाला कार्ट्रिजवाला मास्क. वासावरून घरात जे ऐकायला मिळायचं ते मिळालंच.

एअरब्रश १५ पीएसआयच्या आसपास. पहिला हात नुसता धुक्यासारखा, तो सुकला की पुढचे किंचित ओले. सेंच्युरियनच्या टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) ओतीव पोलादाचा खरखरीत पोत असतो, तो जाड क्लिअरखाली बुजून जातो. माझं मत विचाराल तर विमानासारखा रणगाडा सगळा न्हाऊ घालायची गरजच नाही. डिकल्स जिथे बसणार ती जागा आरशासारखी हवी, बाकी ठिकाणी सॅटिनइतकी झाक पुरते. साइड स्कर्टवर (साखळीपट्टे झाकणाऱ्या बाजूच्या पत्र्यांवर) हात सैल सोडला, टरेटवर आखडता घेतला.

लेकीने डोकावून पाहिलं. “बाबा, हा आता दुकानातल्या खेळण्यासारखा दिसतोय.”

दिसत होताच. नाकाशी धरून थिनरचा वास येईनासा होईपर्यंत त्याला डब्याखाली झाकून ठेवला.

डिकल्स अक्षरांच्या अगदी कडेने कापली, खाली मायक्रो सेट (डिकल नीट चिकटवणारं द्रावण), वरून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रावण). सोल लागला की डिकल सुरकुततं आणि जीव खाली-वर होतो, पण तेव्हा बोट लावायचं नाही. सुकताना ते आपोआप ताणून बसतं. त्यावर पुन्हा ग्लॉसचा पातळ हात, म्हणजे पुढच्या वॉशमध्ये अक्षरं सुरक्षित.

मग आली सगळ्यात मजेची पायरी, वॉशची. बर्न्ट अंबर ऑइल कलर व्हाइट स्पिरिटमध्ये (मिनरल टर्पेंटाइनमध्ये) पातळ करून ब्रशचं टोक वेल्डिंगच्या रेषेला टेकवलं की तपकिरी रेघ आपणहून पुढे धावते. मॅटवर तेच थेंब शोषले जाऊन डाग पडतात. इथे मात्र बाहेर आलेला रंग स्पिरिटच्या ओलसर ब्रशने पुसून काढता येतो. अ‍ॅक्रिलिक क्लिअर पक्का वाळला असेल तर त्याला स्पिरिटने काही होत नाही.

शेवटी मॅट क्लिअर. बाटली खूप हलवायची, कारण चमक घालवणारी पूड तळाशी बसलेली असते. दोन हातांत खेळण्याचा पुन्हा रणगाडा झाला आणि स्कर्टवरची ग्लॉसची सीमाही गेली. उरलेला एक्स-२२ टूथपिकने पेरिस्कोपच्या काचांवर आणि हेडलाइटवर लावला. थोडा ब्राऊनमध्ये कालवून इंधनाच्या झाकणाभोवती ओघळही काढले. सांडलेलं इंधन मॅट असून कसं चालेल?