पेटीतला गव्हर्नर

परवा दुपारी आमचं वॉशिंग मशीन चालत चालत गॅलरीच्या दारापर्यंत आलं. खरंच चालत. बाहेर मे महिन्याची लू, मी पंख्याखाली आडवी, डोळा लागतोय न लागतोय तोच धाड-धाड-धाड! धावले आणि स्पिनरच्या झाकणावर दोन्ही हात टेकून अंगाचा सगळा भार टाकला. मशीन थांबेना, उलट मीच कापायला लागले.

संध्याकाळी मिस्त्री आला. झाकण उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "भाभीजी, मोटर तो बढ़िया है. तौलिया अकेला मत डाला करो."

एवढ्याचे दीडशे रुपये घेतले त्यानं. मग मी चिडून गणित मांडलं. स्पिनर मिनिटाला १३०० फेरे घेतो आणि टबाची त्रिज्या १२ सेंटिमीटर धरली, तर आतलं कापड आपल्या वजनाच्या सव्वादोनशे पट जोरानं कडेवर दाबलं जातं. म्हणूनच तर पाणी भोकांतून पळतं. पण १०० ग्रॅमचा ओला बोळा एकाच बाजूला बसला, की तोच बावीस-तेवीस किलोचा धक्का होतो आणि सेकंदाला वीसपेक्षा जास्त वेळा दिशा बदलतो. शाळेत सर सांगायचे की अपकेंद्री बल हे आभासी बल आहे. असेल. माझी एक फरशी मात्र खरीखुरी उडाली.

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरी या बलाला आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नोकरीला ठेवलं होतं. त्यांचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, चावीचा, बिनकर्ण्याचा, पेटीसारखा बंद होणारा. तबकडी फिरवणारं फळीवरचं यंत्र ते दिवाळीआधी एकदा उलटं करून साफ करायचे आणि तेव्हा मला बोलवायचे, "ये, गव्हर्नर बघायला ये." ग्वाल्हेरला आधी महाराज होते, मग राजप्रमुख झाले, गव्हर्नर आला तो १९५६ नंतर, आणि तोही भोपाळला राहिला. "आपल्याकडे मात्र पहिल्यापासून पेटीतच आहे," हा आप्पांचा दरवर्षीचा विनोद. आजी दरवर्षी न हसता दाणे भाजत राहायची.

हा गव्हर्नर म्हणजे तबकडीचा वेग आवरणारा भाग. एका बारीक दांड्याभोवती तीन पातळ पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या मध्यावर शिशाचा एक मणी. चावी भरून सोडली की मणी गरगरत बाहेर फेकले जातात, पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात आणि दांड्यावरची छोटी चकती सरकून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तुकड्याला घासते. वेग वाढला तर घासणं वाढतं, उतरला तर सुटतं. वेग दुप्पट झाला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, त्यामुळे हा गव्हर्नर फार शीघ्रकोपी. जेम्स वॅटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला असेच दोन गोळे लावले होते, हे मला पुष्कळ पुढे कळलं. आप्पांना वॅट ठाऊक असेलसं वाटत नाही. त्यांना नमद्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब ठाऊक होता. दोन नाही. दोन टाकले की चकती घसरते आणि तबकडीवर गाणारे बुवा धावत सुटतात.

मग परीक्षा. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवायची, आप्पा घड्याळ धरणार आणि मी फेरे मोजणार. मिनिटाला ७८ हवेत. मी पन्नाशीत कुठेतरी हमखास चुकायची आणि अंदाजानं "अठ्ठ्याहत्तर!" ओरडायची. आप्पा मान हलवत तंबोऱ्याला सूर लावून बघत. फेरे ८२-८३ झाले तर बुवांचा सूर अर्ध्या स्वरानं चढून काळी एकची सरळ पांढरी दोन होते, आणि ग्वाल्हेर घराण्याच्या गावात हे चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांच्या अपरोक्ष मी फिरत्या मण्यांना पेन्सिल लावून बघितली. टिंग झालं आणि एक पट्टी तुटली. सराफ्यातल्या घड्याळजीनं जुन्या स्प्रिंगचा तुकडा कापून जोडला, पण तो केसभर जाड होता, त्यामुळे तीन मणी कधी एकसारखे उघडलेच नाहीत. तेव्हापासून प्रत्येक लांबवलेला षड्ज थरथरायचा. पेन्सिलीबद्दल आप्पा मला एक अक्षर बोलले नाहीत. पाहुण्यांना तबकडी ऐकवायची वेळ आली की फक्त सांगायचे, "बुवांना आज हुडहुडी भरली आहे."

आता तो गव्हर्नर माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. पेटीला वाळवी लागली, ती गेली. लाइट गेली की मी कधी कधी दांडा दोन बोटांत धरून फिरवते. दोन मणी पटकन उघडतात, तिसरा जरा मागाहून. शेजारी मोबाइल थरथरतो, त्याच्याही पोटात मोटरला लावलेलं एक एकांगी वजनच असायचं म्हणे. तिथे तोल बिघडवून ठेवणं हेच काम.

मिस्त्रीचं ऐकायचं म्हणजे टॉवेलाबरोबर एखादी चादर टाकायला हवी. पण धुवायला चादर रोज कुठून आणायची? काल परत टॉवेल एकटाच टाकला आणि झाकणावर बसून राहिले.