जमिनीखालचा लाओत्से

२१ जुलै, रात्री

आज तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग लाओत्से होऊन गेला की नाही?" दहा मिनिटांत सांगता येण्याजोगे उत्तर मी तिला दिले. परंतु 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाचा कर्ता मानल्या गेलेल्या लाओत्सेविषयीच्या या प्रश्नाभोवतीच माझे सारे अध्यापन आणि संशोधन झाले असल्यामुळे त्याचे मोठे उत्तर इथे लिहून ठेवतो.

इ.स.पू. १०० च्या सुमारास चिनी इतिहासकार सिमा छ्येनने आपल्या इतिहासग्रंथात लाओत्सेचे चरित्र दिले आहे. चू राज्यात जन्मलेला, चौ दरबाराच्या दप्तरखान्यात अधिकारी असलेला, कन्फ्यूशियसने ज्याची भेट घेतली असा आणि अखेर खिंडीवरच्या अधिकाऱ्याच्या आग्रहावरून सुमारे पाच हजार अक्षरांत आपला विचार लिहून देऊन निघून गेलेला हा पुरुष, अशी ती हकीकत आहे. ती सांगून झाल्यावर सिमा छ्येन आणखी दोन नावे पुढे ठेवतो. त्यांतला दान नावाचा इतिहासकार म्हणजेच लाओत्से असे काही म्हणतात, काही तसे म्हणत नाहीत, आणि खरे काय ते जगात कोणाला ठाऊक नाही, असेही तो लिहितो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासकाराने आपल्या ज्ञानाची सीमा इतक्या स्वच्छपणे आखावी, याबद्दल मला त्याच्याविषयी अपार आदर आहे. व्यक्तीविषयी आपण आजही त्याच्या फारसे पुढे गेलेलो नाही. ग्रंथाविषयी मात्र आपण फार पुढे गेलो आहोत, आणि ते जमिनीखालून जे वर आले त्यामुळे.

हुनान प्रांतातल्या चांगशा शहराजवळ मावांगद्वी येथे डिसेंबर १९७३ मध्ये, इ.स.पू. १६८ मधल्या एका थडग्यातून रेशमावर लिहिलेल्या लाओत्सेच्या ग्रंथाच्या दोन प्रती निघाल्या. त्यांतली एक हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याच्या नावातले अक्षर मोकळेपणाने वापरते आणि दुसरी ते कटाक्षाने टाळते. सम्राटाचे व्यक्तिनाम लिहायचे नाही हा तेव्हाचा दंडक असल्यामुळे, एक प्रत हा दंडक लागू होण्याआधीच्या पाठाची आणि दुसरी नंतरची, असा निष्कर्ष निघतो. दोन्ही प्रतींत 'ते'चा (सद्गुणाचा) भाग आधी आणि 'ताओ'चा (मार्गाचा) नंतर येतो, त्यामुळे ज्या वाक्याने हा ग्रंथ जगाला माहीत आहे ते वाक्य तिथे मध्यावर पडते. दुसऱ्या प्रतीच्या लेखनिकाने तर दोन्ही भागांची अक्षरेही मोजून नोंदवली आहेत, ३०४१ आणि २४२६. परंतु क्रम बदलला तरी ग्रंथ तोच राहिला. इ.स. २४९ मध्ये ऐन तारुण्यात वारलेल्या वांग बीने ज्या पाठावर भाष्य लिहिले, असे परंपरा मानते, त्या पाठाचा बहुतेक मजकूर इथे ओळखू येतो.

ग्वोद्येन येथे सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांचे तसे नाही. हुबेई प्रांतातल्या जिंगमेन शहराजवळ, प्राचीन चू राज्याच्या राजधानीच्या परिसरातल्या दफनभूमीत, १९९३ मध्ये तिथले थडगे उकरले गेले. चोरांनी ते आधीच फोडले होते, तरी बांबूच्या सुमारे ८०० पट्ट्या शिल्लक राहिल्या होत्या. छिन राज्याच्या सैन्याने ती राजधानी इ.स.पू. २७८ मध्ये घेतली. दफन त्याआधीचे, साधारण इ.स.पू. ३०० च्या सुमाराचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९९८ मध्ये या पट्ट्यांची छायाचित्रे आणि वाचन प्रसिद्ध झाले. लाओत्सेशी जुळणारा मजकूर त्यांतल्या ७१ पट्ट्यांवर, तीन निरनिराळ्या जुड्यांत आहे, आणि तो आजच्या ग्रंथाच्या सुमारे दोन पंचमांश भरतो. आजचे पहिले प्रकरण त्यात नाही. स्वर्ग आणि पृथ्वी सर्व वस्तूंना गवताच्या कुत्र्यांसारखे वागवतात, हे पाचव्या प्रकरणाच्या आरंभीचे वाक्य नाही, पण त्याच प्रकरणातला लोहाराच्या भात्याचा दृष्टान्त आहे. तिसऱ्या जुडीच्याच आकाराच्या १४ पट्ट्यांवर तर विश्वाच्या उत्पत्तीचे एक वेगळेच निरूपण आहे. तिथे परम-एकापासून पाणी उत्पन्न होते, पाणी उलटून त्या एकाला साहाय्य करते आणि त्यातून आकाश होते. हे निरूपण कोणत्याही प्रचलित ग्रंथात उरलेले नव्हते.

एकोणिसाव्या प्रकरणापाशी मी वर्गात नेहमी थांबतो. करुणा सोडा, नीती टाका, म्हणजे लोक पुन्हा मातापित्यांच्या सेवेकडे आणि मायेकडे वळतील, असे प्रचलित पाठ सांगतो. करुणा आणि नीती ही कन्फ्यूशियसच्या परंपरेची मुख्य मूल्ये असल्यामुळे लाओत्से हा तिचा उघड प्रतिपक्षी, असे मानले गेले आणि पाठ्यपुस्तकांतही तसेच आले. ग्वोद्येनच्या पट्टीवर या ठिकाणी करुणेचा आणि नीतीचा उल्लेखच नाही. तिथे टाकायला सांगितला आहे तो कृत्रिमपणा, आणि त्याच्या जोडीचे आणखी एक अक्षर आहे, ज्याचे वाचन अभ्यासक वेगवेगळे करतात. मावांगद्वीच्या प्रतींत मात्र करुणा आणि नीती आलेल्या आहेत. म्हणजे मधल्या शतकात कधीतरी, कोणाच्या तरी हातून, हा वाद ग्रंथात शिरला असावा. त्यातच ग्वोद्येनच्या त्याच थडग्यात कन्फ्यूशियसच्या परंपरेतले लेखही होते. पुरलेल्या माणसाला, किंवा पुरणाऱ्यांना, या दोन विचारांचा एकत्र वास खटकला नव्हता. विचारकांची सहा संप्रदायांत वाटणी करून ताओच्या अनुयायांचा एक वेगळा वर्ग मांडला तो पुढे हान काळात सिमा छ्येनच्या वडिलांनी, सिमा तान यांनी. यावरून लाओत्से आणि कन्फ्यूशियस यांचे सख्य होते, असे मात्र मी म्हणणार नाही. महान ताओ ढळल्यावर करुणा आणि नीती येतात, या अर्थाने वाचले जाणारे वाक्य तिसऱ्या जुडीत आहेच.

पाठचिकित्सेचे पहिले धडे मी पुण्यात घेतले, आणि ते धडे मला जन्मभर पुरले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती समोर असताना, हस्तलिखितांची कुळे कशी लावतात हे वेगळे शिकावे लागत नाही. परंतु कुळे लावण्यामागे एक मूळपुरुष गृहीत असतो. तीन जुड्यांतले तुकडे एकमेकांच्या ओळीला बसत नाहीत आणि पुढच्या काळात ते मोठ्या ग्रंथात एकत्र आलेले दिसतात, तेव्हा तो मूळपुरुष शोधण्यात अर्थ राहत नाही. डी. सी. लाउ यांनी हा ग्रंथ म्हणजे एक संकलन आहे असे १९६३ मध्येच, कोणताही उत्खनित पुरावा हाती नसताना, मांडले होते. ताओपरंपरेतला दुसरा मोठा विचारवंत च्वांगत्से याच्या ग्रंथातले निरनिराळ्या लेखकांचे थर वेगळे करून दाखवणारे ए. सी. ग्रॅहम १९९१ मध्ये, ग्वोद्येनच्या दोन वर्षे आधी, वारले. लाओत्सेचा ग्रंथ इ.स.पू. २५० च्या सुमाराचा मानणाऱ्या त्या तीक्ष्ण बुद्धीच्या माणसाने या पट्ट्या पाहून काय लिहिले असते, हे जाणून घेण्याची मला फार इच्छा होती.

बाजारातून आलेल्या पट्ट्यांविषयीही माझे मत इथे नोंदवतो. पेकिंग विद्यापीठाला २००९ मध्ये हान काळातील पट्ट्यांचा जो संग्रह देणगीदाखल मिळाला, त्यात लाओत्सेची जवळजवळ पूर्ण प्रत आहे. ती मी वाचतो, परंतु केवळ तिच्यावर विसंबून कोणताही सिद्धान्त उभा करीत नाही आणि विद्यार्थ्यांनाही करू देत नाही. ग्वोद्येनने जे शिकवले त्यातले निम्मे, पट्ट्या कोणत्या थडग्यात आणि कशाशेजारी होत्या, यावरून कळले. थडगे लुटून पट्ट्या विकणारा ते ज्ञान कायमचे नष्ट करतो.

भारतात या विषयाला घर मिळणे कठीण गेले. तत्त्वज्ञान विभागात षड्दर्शने आणि ग्रीक-जर्मन विचार शिकवले जात, त्यामुळे चीन हा भाषा विभागाचा विषय ठरे. भाषा विभागात प्राचीन चिनीला व्यवहारात उपयोग नाही असे म्हटले जाई. पु. वि. बापट आणि वा. वि. गोखले यांच्यामुळे पुण्यात चिनी साधनांच्या अभ्यासाची परंपरा होती, पण ती बौद्ध ग्रंथांसाठी, आणि ते स्वाभाविकही होते. तरी लाओत्सेचा आपल्याशी संबंध नाही असे कोणी म्हटले की मला वाईट वाटते. कामरूपाच्या राजाने मागणी केल्यावरून तांग सम्राटाने इ.स. ६४७ मध्ये या ग्रंथाचा संस्कृत अनुवाद करण्याचे काम ह्युएनत्संगाकडे सोपवले होते. तो अनुवाद आज उपलब्ध नाही.

च्वांगत्सेच्या तेराव्या प्रकरणात, पुस्तक वाचत बसलेल्या राजाला चाके घडवणारा एक सुतार विचारतो की, महाराज, आपण वाचता ते शब्द कोणाचे? ऋषींचे, असे उत्तर मिळाल्यावर आणि ते ऋषी मेलेले आहेत असे कळल्यावर तो म्हणतो, म्हणजे आपण वाचता तो मेलेल्यांचा चोथा. चाक घडवताना हाताला जे कळते ते मला स्वतःच्या मुलालाही देता आले नाही, म्हणून सत्तराव्या वर्षीही मी चाकेच घडवतो आहे, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. ग्रंथांवर जगणाऱ्याने ही गोष्ट टाळू नये. माझे उत्तर असे की, सुताराचे म्हणणे खरे आहे आणि तरीही ते आपल्यापर्यंत आले ते ग्रंथातूनच. हे दोन्ही एकाच वेळी खरे ठेवून वाचण्यालाच मी माझा व्यवसाय समजतो. लाओत्सेच्या ग्रंथात अनेकांची मने आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची काटछाट आहे, आणि त्यामुळे तो मला लहान वाटत नाही. एका ऋषीच्या एका रात्रीच्या लेखनापेक्षा, इतक्या लोकांनी राज्य, युद्ध, हाव आणि मृत्यू यांविषयी शंभराहून अधिक वर्षे चालवलेला हा विचार मला अधिक विश्वासाचा वाटतो.

ज्या मित्राशी हे सारे वाद घालत आलो तो गेल्या हिवाळ्यात गेला. आपला मित्र आणि वादातला प्रतिपक्षी हुइत्से याच्या थडग्यावरून जाताना च्वांगत्से एक गोष्ट सांगतो. नाकाच्या शेंड्यावर चुन्याचा शिंतोडा असलेला माणूस न हलता उभा राही आणि सुतार कुऱ्हाडीच्या फटक्याने तो शिंतोडा उडवून देई. पुढे राजाने तेच करून दाखवायला सांगितले तेव्हा सुतार म्हणाला की ज्याच्यावर हे करता येत होते तो माणूस केव्हाच मेला. तू गेल्यापासून मला बोलायला कोणी उरले नाही, असे च्वांगत्से मेलेल्या प्रतिपक्ष्याला म्हणतो. हे प्रकरण मी यंदा वर्गात घेतले नाही.

माझ्या सटीप मराठी आवृत्तीत वाचकाला एकच पाठ द्यावा, बाकीचे तळटीपांत टाकावे, असा त्या मित्राचा आग्रह होता आणि त्याची बाजू भक्कम होती. परंतु आजच्या चौसष्टाव्या प्रकरणाचा उत्तरार्ध ग्वोद्येनच्या पहिल्या जुडीत आहे आणि तिसऱ्या जुडीतही आहे. एकाच थडग्यात, आणि दोन ठिकाणी वेगळा. शेवटही आरंभाइतकाच जपावा, हे दोन्हींत आहे. माणसे काम सिद्धीस जाता जाताच ते बिघडवतात, हे फक्त तिसरीत आहे. पहिलीतला ऋषी न शिकवणे शिकवतो, तर तिसरीतला न शिकणे शिकतो. यांतला कोणता तळाशी टाकू, हे मला ठरवता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडून ठरवले असते तो नाही. म्हणून पहिल्या जुडीचा पाठ डाव्या पानावर, तिसऱ्या जुडीचा उजव्या पानावर आणि वांग बीचा पाठ खाली बारीक टाइपात द्यायचा, असे ठरवले आहे. पाने वाढतील, प्रकाशकांना तसे सकाळी कळवतो.